तेच ते काम कोणाच्या वाट्याला? ऑटिझम, कंटाळा आणि श्रमिकांच्या विभागणीचा इतिहास

"मुलगा ऑटिस्टिक आहे ना, मग त्याला पाकिटे चिकटवायला बसवा. एकच काम तासन् तास करील, तक्रार करणार नाही." हे वाक्य पालकांच्या मेळाव्यांत, पुनर्वसन केंद्रांत आणि शिकल्या-सवरल्या घरांतही इतक्या सहजपणे उच्चारले जाते की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. ते बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण हेतू चांगला असला म्हणून विचार बरोबर ठरत नाही. अमुक प्रकारच्या माणसाला अमुक काम 'निसर्गतः' शोभते, हे आपल्या समाजाने फार जुन्या काळापासून ऐकलेले आहे. त्यामुळे असे वाक्य कानी पडताच आपण तरी सावध व्हायला हवे.

प्रत्यक्षात अनेक ऑटिस्टिक तरुण-तरुणी नेमकी उलटी तक्रार करतात. रस असलेल्या विषयात ते दहा तास बुडून राहतात, आणि अर्थ नसलेले तेच ते काम दिले तर दहा मिनिटांत त्यांचा जीव गुदमरतो. मग नोकरी सुटते, दुसरी धरली जाते, तीही सुटते. घरचे म्हणतात, आळशी आहे. केंद्रातले म्हणतात, वर्तन समस्या आहे. 'ऑटिस्टिक माणसाला पुनरावृत्तीच आवडते' हे गृहीतक मात्र शाबूत राहते.

हे गृहीतक आले कुठून? माझे म्हणणे असे की ते ऑटिस्टिक माणसाच्या मनातून कमी आणि कारखाना, इस्पितळ व धर्मादाय कार्यशाळा यांच्या गरजांतून जास्त आले आहे.

एक खुलासा आधीच करते. मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. मी हा शब्द शक्यतो टाळते. ज्या माणसाचे सगळे चित्त रेल्वेच्या वेळापत्रकात, पक्ष्यांच्या आवाजात किंवा आकड्यांत गुंतलेले आहे तो 'स्व'मध्ये मग्न कसा? तो तर जगातल्या एखाद्या गोष्टीत मग्न आहे. आपल्यात नाही, एवढेच.

बैलाची उपमा

ऑटिझम हे निदान अस्तित्वात येण्याच्या बरेच आधी 'तेच ते काम कोणी करायचे' हा प्रश्न भांडवलशाहीपुढे उभा राहिला होता. १९११ साली फ्रेडरिक टेलरचे शास्त्रीय व्यवस्थापनावरचे पुस्तक आले. बेथलेहेम पोलाद कारखान्यात एक मजूर दिवसाला सुमारे साडेबारा टन लोखंडाच्या कांबी उचलत असे. टेलरने योग्य माणूस निवडून आणि त्याची प्रत्येक हालचाल ठरवून देऊन हे प्रमाण सत्तेचाळीस टनांवर नेल्याचे सांगितले. निवडीचा निकष त्याने उघडपणे लिहून ठेवला आहे: या कामाचा माणूस इतका मंद आणि थंड असावा की त्याची मनोवृत्ती बैलाशी मिळतीजुळती असावी. विचार करणारे डोके वेगळे आणि राबणारे हात वेगळे, ही फारकत टेलरने शास्त्राच्या नावाने केली. आपल्याकडे ती शास्त्रांच्याच नावाने झाली होती, फक्त ती शास्त्रे निराळी होती.

पुढे हेन्री फोर्डने सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडायला सुरुवात केली. एका माणसाने एक बोल्ट घट्ट करायचा, दिवसभर तोच. परिणाम काय झाला? १९१३ साली फोर्डच्या कारखान्यात कामगारांच्या सोडून जाण्याचे प्रमाण ३७० टक्क्यांवर गेले. म्हणजे एकेका जागेवर वर्षभरात सरासरी तीन-चार माणसे बदलत होती. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला पाच डॉलरची घोषणा केली. तिचे कौतुक आजही होते, पण त्या उदारतेमागे हे पळून जाणारे कामगार होते, हे कमी सांगितले जाते. थोडक्यात, तेच ते काम ऑटिस्टिक नसलेल्या लाखो लोकांनाही सहन होत नव्हते. कंटाळा हा कोणा एका मेंदूचा दोष नाही. कामाची रचना बिघडली आहे, याची ती खूण आहे.

फोर्डच्या १९२२ सालच्या आत्मचरित्रात दोन नोंदी आहेत, त्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. पहिली अशी की एकच गोष्ट सतत करत राहण्याची कल्पना त्याला स्वतःला भयंकर वाटते, पण बहुसंख्य माणसांना त्यात काही भयंकर वाटत नाही, असा त्याचा निर्वाळा आहे. दुसरी नोंद आकड्यांची आहे. त्याने कारखान्यातल्या ७,८८२ प्रकारच्या कामांची वर्गवारी करून घेतली. त्यांतली ६७० कामे दोन्ही पाय नसलेली माणसे करू शकतील, २,६३७ कामे एक पाय असलेली, ७१५ एक हात असलेली, १० अंध आणि २ दोन्ही हात नसलेली.

फोर्डने अशा कामगारांना पूर्ण वेतन दिले, हे त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवे. आजच्या कितीतरी संस्थांना ते जमलेले नाही. पण या यादीची पद्धत पाहा. काम आधी ठरले, मग त्या कामाला शरीराचा किती भाग लागतो ते मोजले, आणि तेवढाच माणूस भरला. या माणसाला काय करावेसे वाटते, हा रकाना त्या तक्त्यात नव्हताच. मालकाला जे भयंकर वाटते ते इतरांना चालते, हे मालकानेच ठरवले.

बाल्टिमोरची अकरा मुले

१९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करणाऱ्या लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अकरा मुलांविषयी निबंध लिहिला. आठ मुलगे, तीन मुली. मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या महिला डॉक्टरने १९२५ सालीच सहा मुलग्यांची मिळतीजुळती वर्णने प्रसिद्ध केली होती, पण पुढची अनेक दशके तिचे नाव कोणी फारसे घेतले नाही. कॅनरने दोन लक्षणे मुख्य मानली: माणसांपासूनचे अलगपण आणि सर्व काही जसेच्या तसे राहावे हा चिंताग्रस्त आग्रह.

पुढचा सगळा गैरसमज या दुसऱ्या लक्षणावर उभा आहे. 'जसेच्या तसे' याचा आग्रह कोण धरत होते? मूल. कशाबद्दल? स्वतः निवडलेल्या गोष्टींबद्दल. आपल्या ठोकळ्यांची रांग, आपला रस्ता, आपला क्रम. हा आग्रह गोंधळाच्या जगात स्वतःसाठी थोडी निश्चिती निर्माण करण्याचा होता. दुसऱ्याने लादलेले काम हजार वेळा करायला हे मूल तयार आहे, असे कॅनरच्या निबंधातून निघत नाही. आपल्या मनाने रोज एकाच वाटेने फिरणे आणि घाण्याला जुंपल्यावर एकाच वर्तुळात फिरणे, या दोहोंत चालणे सारखेच दिसते. पण दोन्ही एक आहेत असे कोण म्हणेल?

कॅनरने २८ वर्षांनी, १९७१ साली, या अकरा जणांचे पुढे काय झाले ते लिहिले. कामाच्या इतिहासात हा निबंध पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. चार जणांचे बहुतेक आयुष्य सरकारी संस्थांत गेले. दाखल झाल्यावर लवकरच त्यांच्यातली चमक विझली. तिथे पाठवणे हे जन्मठेपेसारखेच होते, असा निष्कर्ष कॅनरने स्वतः काढला. याउलट दोघे जण नोकरी करत होते. एक कार्यालयात प्रती काढण्याच्या यंत्रावर होता आणि त्याचे वरिष्ठ त्याच्यावर खूष होते. दुसरा डोनाल्ड ट्रिपलेट, निबंधातला पहिला क्रमांक, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट गावच्या बँकेत रोखपाल होता.

डोनाल्डची हकीकत थोडी सविस्तर पाहण्यासारखी आहे. नऊ वर्षांचा असताना त्याला गावापासून काही मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे ठेवण्यात आले. त्याला मोजण्याचे वेड होते. त्या जोडप्याने हे वेड मोडायचा प्रयत्न केला नाही. मक्याच्या ओळी मोजायला सांगितल्या, आणि ओळी मोजता मोजता तो नांगर धरायला शिकला. मापे घेण्याचा नाद लागला तेव्हा त्यांनी त्याला विहीर खणायला लावले आणि ती किती खोल गेली याचे माप त्याच्याकडे दिले. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करू लागला, तर त्यांच्यासाठी एक छोटी दफनभूमी दिली आणि प्रत्येकावर नावाची पाटी लावू दिली. कोणतीही पदवी नसलेल्या त्या शेतकऱ्यांनी जे केले ते आजच्या बहुतेक व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रांना सुचत नाही. त्यांनी मुलाचा ओढा पाहिला आणि त्याला जोडून काम शोधले. काम आधी ठरवून मूल त्यात कोंबले नाही.

पण या हकीकतीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय समाजशास्त्र पुरे होत नाही. ज्या बँकेत डोनाल्डला काम मिळाले ती त्याच्या आजोळच्या घराण्याने स्थापन केलेली होती. वडील वकील होते. तो गोरा होता, आणि तो काळ मिसिसिपीत वर्णभेदाचा होता. त्याच राज्यात त्याच वर्षी जन्मलेल्या ऑटिस्टिक कृष्णवर्णीय मुलाचे काय झाले असेल? त्याचे निदान झाले नाही, त्याच्यावर कोणी निबंध लिहिला नाही. त्याच्या वाट्याला कापसाचे शेत किंवा वेड्यांचे इस्पितळ आले असणार, असे अनुमान तेव्हाची व्यवस्था पाहता काढावे लागते. प्रतिभा फुलायला मोकळीक लागते, आणि मोकळीक ही मालमत्तेसारखीच वारसाहक्काने वाटली जाते.

व्हिएन्नाचा धडा

१९४४ साली नाझी राजवटीतल्या व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गरचा निबंध प्रसिद्ध झाला. या मुलांचे खास छंद हेच त्यांच्या भावी कामाचे बीज असू शकते, असे त्याने लिहिले. त्यांच्यातले काही पुढे गणित, रसायन, तंत्रज्ञान अशा क्षेत्रांत चमकल्याचे दाखले दिले. वाचायला हे आजही आशादायक वाटते. अनेक वर्षे अ‍ॅस्पर्गरकडे मुलांचा तारणहार म्हणूनच पाहिले गेले.

२०१८ साली हेरविग चेक आणि एडिथ शेफर या इतिहासकारांचे संशोधन पुढे आले आणि चित्र बदलले. 'अम श्पीगेलग्रुंड' या व्हिएन्नातल्या संस्थेत ७८९ मुले मारली गेली. अ‍ॅस्पर्गरने काही मुलांना तिथे पाठवण्याची शिफारस केली होती. ज्यांच्यात उपयुक्तता दिसली त्यांचे कौतुक झाले. ज्यांच्यात दिसली नाही त्यांच्यासाठी दुसरे दार उघडले गेले.

हा धडा आपण लक्षात ठेवला पाहिजे, कारण आज ऑटिस्टिक माणसांच्या बाजूने बोलणारेही सहज 'त्यांच्यात अफाट बुद्धी असते' असे म्हणून जातात. काम मिळणे हा हक्क आहे. तो बुद्धिमत्तेचे बक्षीस म्हणून दिला गेला, की ज्याच्यापाशी दाखवण्यासारखी बुद्धी नाही तो हक्काबाहेर जातो.

कनवाळू कारखाना

अपंगांसाठीची वेगळी कार्यशाळा ही कल्पना अमेरिकेत बोस्टनच्या अंधशाळेत १८४०च्या सुमारास आकाराला आली. खुल्या बाजारात काम मिळत नाही, म्हणून आसरा. तात्पुरता आसरा पुढे कायमचा कोंडवाडा झाला. १९३८ साली अमेरिकेने किमान वेतनाचा कायदा केला, पण त्यातच अपंगांना किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देण्याची परवानगी देणारे कलम ठेवले. ते आठ दशकांहून अधिक काळ टिकले. श्रमिकांना हक्क देणाऱ्या कायद्यातच काही श्रमिकांना वगळण्याची ही तऱ्हा आपल्याला अनोळखी नाही.

आपल्याकडच्या कार्यशाळांत मेणबत्त्या, पणत्या, राख्या, कागदी पिशव्या, पाकिटे आणि फाइली होतात. दिवाळीत त्यांचे प्रदर्शन भरते, पाहुणे येतात, सामान विकत घेऊन भरल्या मनाने घरी जातात. तिथे काम करणाऱ्याला 'मजुरी' मिळत नाही, 'मानधन' मिळते. शब्द बदलला की कायदा बदलतो. या कार्यशाळा बंद करा असे मी म्हणत नाही. अनेक आयांसाठी दिवसाचे ते चार तास हाच एकमेव विसावा असतो. पण त्या आईचा विसावा आणि त्या मुलाचे काम या दोन वेगळ्या गरजा आहेत. एकीच्या नावाखाली दुसरी पुरली, असे मानणे बंद केले पाहिजे.

माझ्या कामात वस्तीतला एक तरुण भेटला. एसटीच्या कोणत्या आगाराची कोणती गाडी किती वाजता सुटते, हे त्याला तोंडपाठ. एका केंद्रात तो दीड महिना पाकिटे चिकटवत होता. मग त्याने पाकिटे फाडायला सुरुवात केली. अहवालात 'आक्रमक वर्तन' असा शेरा आला. बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत असा माणूस सोन्याच्या किमतीचा, हे त्या अहवालात कुठेच नव्हते. काम चुकले असेल, ही शक्यताच कोणी धरली नव्हती.

निदानाच्या पुस्तकातली भिंत

रस नसलेल्या कामाने ऑटिस्टिक माणूस पटकन कंटाळतो, हे वैद्यकशास्त्राला इतकी वर्षे का दिसले नाही? एक कारण चक्क पुस्तकी आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९९४च्या निदान-पुस्तिकेप्रमाणे ऑटिझम असलेल्या व्यक्तीला एडीएचडीचे, म्हणजे लक्ष टिकवण्यातील अडचण आणि अतिचंचलता यांचे, निदान देता येत नसे. २०१३च्या पाचव्या आवृत्तीने ही भिंत पाडली. म्हणजे ज्यांना एकाच वेळी निश्चित दिनक्रमही हवा असतो आणि नावीन्यही हवे असते, अशी माणसे २०१३पर्यंत कागदावर अस्तित्वातच नव्हती. ती होतीच. रकाना नव्हता.

दुसरे स्पष्टीकरण ऑटिस्टिक अभ्यासकांच्या सहभागातून आले. डायना मरे, वेन लॉसन आणि माइक लेसर यांनी २००५ साली मांडलेला विचार सोप्या शब्दांत असा: प्रत्येकाकडे लक्ष देण्याची शक्ती मर्यादित असते. बहुतेकांची ती अनेक पाटांतून थोडी थोडी वाहते. ऑटिस्टिक माणसाची ती एकाच पाटातून जोराने वाहते. तो पाट रसाचा असेल तर अफाट काम होते. रस नसलेल्या दिशेला तो पाट जबरदस्तीने वळवायचा म्हटले तर प्रचंड शक्ती खर्च होते आणि माणूस थकून कोसळतो. यावरून लक्षात येते की 'तेच ते काम त्याला आवडते' आणि 'तो कशातच लक्ष देत नाही' ही दोन्ही निरीक्षणे एकाच गोष्टीच्या दोन अर्धवट बाजू आहेत.

टेंपल ग्रँडिन यांचे उदाहरण सर्वांना माहीत असते. मावशीच्या गुरांच्या फार्मवर त्या किशोरवयात गेल्या, गुरांना धरून ठेवण्याच्या चौकटीने झपाटल्या, आणि त्या वेडातूनच पुढे गुरे हाताळण्याच्या यंत्रणांच्या नामवंत रचनाकार झाल्या. विज्ञानाच्या एका शिक्षकाने त्यांच्या वेडाला अभ्यासाकडे वळवले. त्या सांगतात की मुलाखतीत स्वतःला विकण्यापेक्षा त्यांनी आपले नकाशे पुढे ठेवले. मुलाखत नावाच्या पंधरा मिनिटांच्या नाटकात जे नापास होतात त्यांच्यासाठी ही मोलाची सूचना आहे.

नवा साचा

२००४ साली डेन्मार्कमध्ये थोर्किल सोन्ने यांनी 'स्पेशालिस्टर्ने' ही कंपनी काढली. त्यांचा मुलगा ऑटिस्टिक. सॉफ्टवेअर तपासणीच्या कामात ऑटिस्टिक माणसांची बारकाईने पाहण्याची ताकद वापरायची, ही कल्पना. पुढे एसएपीसारख्या बहुराष्ट्रीय कंपनीने २०१३ साली असा कार्यक्रम जाहीर केला. त्याआधीचा प्रयोग भारतातही झाला होता. पूर्ण पगाराची, सन्मानाची नोकरी मिळाली, हे मोठेच पाऊल.

तरी प्रश्न विचारायला हवा. 'ऑटिस्टिक म्हणजे पाकिटे' या जागी 'ऑटिस्टिक म्हणजे सॉफ्टवेअर तपासणी' असे समीकरण आले, तर बदलले काय? साचा चकचकीत झाला. ज्याला माती आवडते, ढोलकी आवडते, जुन्या कागदपत्रांत रमायला आवडते, त्याचे काय? आणि इंग्रजी शाळा, संगणक, महागड्या खासगी निदानाचा खर्च यांच्यापर्यंत जो पोचलाच नाही, त्याला तर या नव्या साच्याचेही दार बंद.

बाबासाहेबांनी नेमके काय म्हटले होते

१९३६च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन'मधला युक्तिवाद आपण जातीपुरता वाचतो. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, हे आपल्या प्रत्येकाला पाठ आहे. पण त्याच परिच्छेदांत बाबासाहेब पुढे जातात. ही विभागणी माणसाच्या स्वाभाविक कलावर किंवा निवडीवर आधारलेली नाही, ती आईबापांच्या दर्जावरून आधीच ठरलेली आहे, असे ते सांगतात. उद्योग बदलत राहतात, म्हणून माणसाला काम बदलण्याचे स्वातंत्र्य हवे, असेही ते म्हणतात. आणि मग ते एक असे विधान करतात की ज्यावर आपण थांबायला हवे होते: औद्योगिक व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष गरिबी आणि तिच्यातले दुःख हा जितका नाही, तितका हा की असंख्य माणसे अशी कामे करतात ज्यांची त्यांना ओढच नाही. ज्या कामात मन आणि बुद्धी दोन्ही नाहीत त्यात कार्यक्षमता कुठून येणार, असा त्यांचा सवाल आहे.

हा विचार त्यांचे कोलंबियातले गुरू जॉन ड्यूई यांनी १९१६ साली 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन'मध्ये मांडला होता. बाबासाहेबांनी तो घेतला आणि जातीच्या छातीवर ठेवला. ज्या समाजाला पोटभर अन्न नव्हते त्याच्या नेत्याने कामातल्या ओढीचा प्रश्न गरिबीच्याही वर ठेवावा, ही साधी गोष्ट नाही. माणसाची किंमत पोटावरून ठरत नाही, हे ते सांगत होते.

म्हणून 'गरिबाला कंटाळा परवडत नाही, मिळेल ते काम करावे' हा आक्षेप मला मान्य नाही. तो आपल्याच वस्त्यांत जास्त ऐकू येतो आणि त्यामागची काळजी खरी आहे. घरात एकच कमावते माणूस असेल तर कोणतेही काम सोडताना दहादा विचार करावाच लागतो. पण ज्या नोकरीत माणूस दर तीन महिन्यांनी कोसळतो ती नोकरी पोटही भरत नाही. आवडीचे काम ही ऑटिस्टिक माणसाच्या बाबतीत चैन नाही. काम टिकण्याची ती अट आहे.

दुसरा आक्षेप असा की काही ऑटिस्टिक माणसांना तेच ते काम खरोखरच आवडते. बरोबर आहे. डोनाल्ड ट्रिपलेट बँकेच्या खिडकीत समाधानी होता, बढतीची त्याला हौस नव्हती. त्याला ती खिडकी लखलाभ. मुद्दा असा की ती त्याने स्वीकारली होती, त्याच्या माथी मारलेली नव्हती. आणि त्याची खिडकी पाहून बाकी सगळ्यांना खिडकीत बसवणे म्हणजे पुन्हा जन्मावरून काम ठरवणे.

कायदा आणि त्यातली फट

भारतात १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. ऑटिझम त्यांत नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, पण तो कायदा मुख्यतः पालकत्व आणि सांभाळ यांचा होता, नोकरीचा नव्हता. भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातील २७वे कलम मात्र मोकळेपणाने निवडलेल्या कामाचा हक्क सांगते. 'निवडलेल्या' हा शब्द अधोरेखित करावा. त्यातून २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. २१ प्रकार, सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण, आणि त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून.

एकाच टक्क्यात एवढे प्रकार कोंबल्यावर काय होते, हे आरक्षणाचे राजकारण जाणणाऱ्या आपल्या वाचकांना सांगायला नको. ज्याच्यापाशी शिकवणी, कागदपत्रे आणि ओळख जास्त, तो पुढे सरकतो. शिवाय कोणती पदे कोणत्या अपंगत्वाला योग्य, याची यादी सरकार काढते. जानेवारी २०२१ची केंद्राची यादी साडेतीन हजारांहून अधिक पदांची आहे. अशी यादी हे नाकारणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्धचे हत्यार आहे, म्हणून ती हवी. पण तिची पद्धत पुन्हा फोर्डच्या तक्त्याची आहे: आधी पद, मग त्यात बसणारे अपंगत्व. एका ऑटिस्टिक माणसासारखा दुसरा नसतो, हे यादीला कळत नाही.

कायद्यातच याचे उत्तर आहे. त्याचे नाव 'वाजवी सोय'. विकास कुमार विरुद्ध लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केले की ही सोय त्या त्या व्यक्तीच्या गरजेप्रमाणे ठरते. रॅम्प आणि लिफ्टपुरतीच ती नाही. लेखी सूचना, शांत जागा, कामात ठरावीक काळाने पालट, तोंडी मुलाखतीऐवजी प्रत्यक्ष कामाची चाचणी, या मागण्याही त्यात बसू शकतात. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेनेही समान संधी धोरण जाहीर करून सोयी व योग्य पदे त्यात लिहिणे नियमाने अपेक्षित आहे. हे धोरण मागून पाहा. बहुतेक ठिकाणी समोरचा माणूस हा शब्द पहिल्यांदाच ऐकत असतो.

आपण काय करायचे

महाराष्ट्रात २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. त्याच्याकडे आपल्या चळवळीने तीन मागण्या नेल्या पाहिजेत. पहिली, सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षण केंद्राने प्रत्येक व्यक्तीचा ओढा कशात आहे याची लेखी नोंद ठेवावी, आणि दिलेले काम त्याच्याशी कसे जुळते ते सांगावे. दुसरी, मानधनाच्या नावाखाली मजुरी बुडवली जाते आहे का, याची तपासणी व्हावी. तिसरी, वस्ती पातळीवर मोफत निदान आणि प्रमाणपत्राची शिबिरे व्हावीत, कारण प्रमाणपत्राविना तो एक टक्काही कागदावरच राहतो.

आणि घरी, वस्तीत एवढे तरी करू या. मूल कशात हरवून जाते ते पाहू या, त्याला 'वेड' म्हणण्याआधी. त्या गोष्टीभोवती कोणकोणती कामे असतात याची यादी करू या. गाड्यांचे वेड असेल तर चालक-वाहकाखेरीज आगार, नियंत्रण कक्ष, दुरुस्ती, नकाशे, वेळापत्रक अशी डझनभर कामे असतात. त्यांतल्या दोन-तीन ठिकाणी आठ-आठ दिवस बसवून पाहू या. काम सुटले तर 'तू नापास' असे न म्हणता 'हे काम चुकले' असे म्हणू या. कंटाळा नेमका कशाचा आला, आवाजाचा, गर्दीचा, की अर्थ नसलेल्या पुनरावृत्तीचा, हे विचारू या. त्या उत्तरातच पुढच्या कामाचा पत्ता असतो.

आपल्या आज्या-पणज्यांना कोणीतरी सांगितले होते की हे काम तुमचेच, तुम्ही त्यासाठीच जन्मलात, तुम्हाला त्याची घाण वाटत नाही. त्यांना घाण वाटत होती. त्यांना विचारले मात्र कोणी नव्हते. आज पाकिटे फाडणाऱ्या मुलाला विचारणारे कोणी असेल तर ते आपणच असले पाहिजे. हा अनुभव आपल्याइतका दुसऱ्या कोणाच्या गाठीशी आहे?